घरात क्षयरुग्ण असताना निरोग्यांनी घ्यायच्या गोळ्या : यादीपासून शेवटच्या डोसापर्यंत

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या दिरांना फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचे निदान झाले. त्यांचे औषध सुरू झाले आणि आठवड्याच्या आत आरोग्य उपकेंद्रातून आशाताई घरी आल्या. घरात आणखी कोण कोण राहते ते त्यांनी लिहून घेतले आणि तुम्हा सर्वांनाही तपासणी करून गोळ्या घ्याव्या लागतील, असे सांगितले. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. दीर सोडून घरात सात माणसे होती : सासूबाई, माझे पती, मी, लग्न ठरायची असलेली नणंद, अकरा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि शाळेसाठी आमच्याकडे राहणारा एक भाचा. सातही जणांनी उपचार पूर्ण केला. मात्र मधे एकाने तो सोडला, एकीने लपवला आणि एकाचे नाव आरंभी यादीतच आले नाही. तुमच्या घरी हे होऊ नये म्हणून सगळे क्रमाने लिहिते आहे. औषधाचा निर्णय अर्थात डॉक्टरांचाच. घरात काय करायचे, एवढेच या लेखातून सांगता येईल.

१. आधी घरात बसून बोला

निरोगी माणूस औषध सोडतो त्याचे कारण बहुधा विसरभोळेपणा नसते. आपण हे का घेतो आहोत हे त्याला पटलेले नसते. रुग्णाला खोकला थांबल्याचे, वजन वाढल्याचे दिसते आणि औषधाचा गुण कळतो. आपल्याला मुळात काही होतच नसते, त्यामुळे गोळीने काही बरे झाले असे कधीच वाटत नाही. म्हणून पहिली गोळी घेण्याआधी सर्वांना एकत्र बसवून पुढील गोष्टी समजावून सांगा.

क्षयाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत येतात आणि त्याच घरात श्वास घेणाऱ्यांच्या शरीरात शिरतात. शिरले म्हणजे रोग झाला असे नाही. बहुतेकांच्या शरीरात ते निपचित पडून राहतात, आणि अशा माणसाला ना त्रास होतो, ना त्याच्यापासून कोणाला लागण होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये असा सुप्त संसर्ग आढळला होता, म्हणजे ही काही एखाद्या घराची लाजिरवाणी गोष्ट नव्हे. मात्र अशा माणसांपैकी ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो, आणि तो होण्याची भीती संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते. पाच वर्षांखालील मुले, एचआयव्हीसह जगणारी माणसे, मधुमेही आणि कुपोषित व्यक्ती यांना धोका अधिक. प्रतिबंधात्मक उपचार पूर्ण केल्यास हा धोका ६० ते ९० टक्क्यांनी कमी होतो. या वाक्यातला ‘पूर्ण’ हा शब्द घरात दोनदा उच्चारा.

आमच्याकडे हे बोलणे झाले नाही, आणि त्याची किंमत पाचव्या आठवड्यात मोजावी लागली. ते पुढे येईलच.

२. माणसांची यादी खरी आणि पूर्ण द्या

रुग्णाचा उपचार सुरू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत जो त्याच्याबरोबर एका छपराखाली एक रात्र जरी झोपला, किंवा दिवसाचा बराच वेळ त्याच्या सहवासात राहिला, तो घरातला संपर्क समजला जातो. शिधापत्रिकेवर नाव आहे की नाही, याचा इथे काही संबंध नाही. आम्ही शिधापत्रिका पुढे ठेवून नावे सांगितली आणि भाचा राहून गेला, जरी तो दिरांच्याच खोलीत अभ्यासाला बसत असे. नंतर आठवण झाल्यावर त्याचे नाव घातले, पण तोवर तीन आठवडे गेले होते. शिकायला ठेवलेली मुले, बाळंतपणाला आलेली लेक, पोटभाडेकरू, सुट्टीत महिनाभर राहून गेलेले आजोबा, हे सगळे आठवून सांगा.

नाव लपवण्याचा मोह विशेषतः लग्नाच्या मुलींच्या बाबतीत होतो. आमच्या नणंदेने नाव दिले, पण पाहुणे येणार म्हटले की गोळ्यांची पाकिटे धान्याच्या कणगीमागे जात, आणि एकदा त्या भानगडीत डोसच राहिला. तिला मी जे सांगितले तेच इथे लिहिते : प्रतिबंधात्मक औषध घेणारी व्यक्ती रुग्ण नसते, तिच्यापासून कोणाला लागण होत नाही, आणि आरोग्य कर्मचाऱ्याला भेटीच्या वेळेबद्दल आधी विनंती केली तर तो पाहुण्यांसमोर येत नाही.

३. तपासणी केल्याशिवाय गोळी घेऊ नका

ज्याला प्रत्यक्ष क्षयरोग झालेला आहे त्याला प्रतिबंधाचे एकच किंवा दोनच औषध दिले, तर ते रोगाला अपुरे पडते आणि जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून आधी रोग नाही याची खात्री केली जाते. खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्री येणारा घाम ही चार लक्षणे विचारली जातात. लहान मुलाच्या बाबतीत वजन वाढत नाही का, ते खेळणे सोडून मलूल बसते का, हेही विचारतात. ‘थोडासा खोकला आहे, पण तो पावसाळ्याचा’ असे म्हणून उत्तर टाळू नका. लक्षण असेल तर थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (यंत्रावर जंतूंची जनुके शोधणारी) तपासणी होते.

आपल्या राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालील मुलांना, रोग नसल्याची खात्री झाल्यावर, संसर्गाच्या वेगळ्या चाचणीवाचून औषध देता येते. पाच वर्षांवरील माणसांसाठी छातीचा एक्स-रे आणि शक्य असेल तिथे संसर्गाची चाचणी करतात. ही चाचणी रक्ताची असते किंवा हाताच्या त्वचेत सुई टोचून केलेली असते. त्वचेची चाचणी केली असेल तर ४८ ते ७२ तासांत हात दाखवायला पुन्हा जावेच लागते, आणि हीच दुसरी फेरी बहुतेक जण चुकवतात. शुक्रवारी सुई टोचून घेतली तर दाखवायचा दिवस रविवारी किंवा सोमवारी सकाळी येतो, म्हणून सोमवार किंवा मंगळवार निवडा. चाचणीची सोय नाही एवढ्याच कारणावरून उपचार लांबवायचा नसतो, हेही त्या सूचनांत आहे. चाचणीचा संच आलेला नाही म्हणून कोणी परत पाठवले, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा.

जाताना हे बरोबर असू द्या :

- रुग्णाचे उपचार कार्ड किंवा निक्षय (क्षयरुग्णांच्या नोंदीची सरकारी संगणक प्रणाली) क्रमांक
- रुग्णाच्या थुंकी तपासणीचा अहवाल, विशेषतः जंतू रिफॅम्पिसिनला (क्षयाच्या एका मुख्य औषधाला) दाद देतात की नाही हे सांगणारा
- प्रत्येकाचे आधार कार्ड व मोबाइल क्रमांक
- लहान मुलांचे लसीकरण कार्ड आणि अलीकडचे वजन
- मधुमेह, रक्तदाब, फिट्स, रक्त पातळ होण्याची औषधे किंवा एचआयव्हीचा उपचार चालू असल्यास त्याची चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे
- जुनी कावीळ किंवा यकृताचा आजार झाला असल्यास त्याचे कागद

रुग्णाचा अहवाल मी दोनदा मागायला हवा होता. त्यावरच कुटुंबाचे औषध ठरते. रुग्णाचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद न देणारा असेल, तर संपर्कातल्यांना नेहमीच्या प्रतिबंधात्मक गोळ्यांचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी वेगळे औषध ठरते.

४. आपल्याला कोणते औषध मिळाले, हे स्वतः वाचा

आमच्या घरात दोन प्रकार होते. मोठ्यांना आणि दोन्ही मुलग्यांना आयसोनियाझिड आणि रिफापेंटीन यांचा आठवड्यातून एकदाचा उपचार मिळाला. असे १२ डोस, म्हणजे साधारण तीन महिने. चार वर्षांच्या मुलीला रोज एकदा आयसोनियाझिड, सहा महिने, तिच्या वजनाप्रमाणे. रिफापेंटीनचा आठवडी उपचार दोन वर्षांखालील बाळांना आणि गरोदर स्त्रीला देत नाहीत, म्हणून गर्भधारणेची जरासुद्धा शक्यता असेल तर आधी सांगा. पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा परिणामही रिफापेंटीनमुळे कमी होतो. हा विषय आमच्याकडे सासूबाईंसमोर काढायला मला संकोच वाटला, पण सिस्टरांना बाजूला घेऊन विचारले तेव्हा त्यांनी तीन महिने निरोध वापरायला सांगितले.

मोठ्या माणसाला आठवड्याच्या एका वेळी दोन्ही औषधे एकत्र असलेल्या तीन गोळ्या असतात. औषधे सुटी मिळाली तर तीच मात्रा नऊ गोळ्यांची होते. हातातला ढीग पाहून घाबरून त्यातल्या अर्ध्या उद्यासाठी ठेवू नका. ही मात्रा एकाच दिवशी, एकत्रच घ्यायची असते. काहींना हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-६ जीवनसत्त्वाची गोळीही देतात. सासूबाईंना मधुमेहामुळे ती मिळाली होती.

एकाच्या वाट्याच्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. शेजारच्या एका बाईंनी ‘आमच्या पोरालाही दोन द्या’ असे मायेने मागितले होते. त्यांना केंद्रात घेऊन जाणे हेच खरे उत्तर.

५. वार नक्की करा, आणि तो विचारपूर्वक करा

मला सर्वांत जास्त याच टप्प्याबद्दल सांगायचे आहे, कारण आठवड्यातून एकदा घ्यायची गोष्ट रोजच्या गोष्टीपेक्षा लवकर विसरते.

पहिल्यांदा आम्ही रविवार ठरवला. सगळे घरी असतात, असा हिशेब. पण रविवारीच लग्ने, साखरपुडे आणि परगावच्या फेऱ्या असतात, आणि गोळीनंतर काही त्रास झालाच तर उपकेंद्र बंद. दुसरे असे की रिफापेंटीन अन्नाबरोबर घेतल्यास अंगी नीट लागते, तेव्हा ज्या दिवशी घरात कोणाचा उपवास असतो तो वार उपयोगाचा नाही. सासूबाईंचा गुरुवार, माझ्या पतींचा शनिवार, श्रावणातले सोमवार, मंगळवारी येणारी अंगारकी असे काढत गेलो आणि शेवटी बुधवार ठरला. बुधवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस आहे, आणि बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही. दुपारी बाजारातून पिशवी घरी आली की जेवण, आणि जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र बसून गोळ्या, असा नेम पडला. एकादशी किंवा संकष्टी बुधवारी आली तर गोळी उपवास सोडताना, जेवणाबरोबर. तुमच्या गावचा वार वेगळा असेल. पण ज्या दिवसाला आधीपासून काही ठरलेले काम चिकटलेले आहे आणि ज्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा आहे, असाच दिवस निवडा.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बाराही तारखा पहिल्याच दिवशी लाल पेनाने गोल करून ठेवल्या. डोस घेतला की त्या चौकोनात प्रत्येकाने आपले अक्षर लिहायचे. मुलगा हे काम फार निष्ठेने करी आणि आजीचे अक्षर राहिले तर तिला उठवून गोळी घ्यायला लावी. रिकामी पाकिटे फेकू नका. नावाच्या लिफाफ्यात ठेवा, म्हणजे आशाताई आल्यावर मोजून दाखवता येतात. पुढच्या गोळ्या शेवटचे पाकीट फोडण्याआधी मागा. साठा संपलेला असणे हे आपल्या हातात नसते, पण आठवडाभर आधी कळवणे आपल्या हातात असते. गोळ्या चुलीजवळ, ओलीत किंवा पत्र्याच्या उन्हात ठेवू नका, आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा.

दारू पूर्ण बंद. आयसोनियाझिडचा भार यकृतावर पडतो आणि दारूचाही यकृतावरच. जत्रा असो वा हळद, तीन महिन्यांत यातून सवलत नाही. घरात कोणी पीत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, कारण त्यावर उपचाराची निवड आणि रक्ताची तपासणी अवलंबून असते. कोकणातल्या वाचकांसाठी एक सूचना : आयसोनियाझिड चालू असताना बांगडा, कुपा यांसारखे मासे, विशेषतः नीट बर्फात न ठेवलेले, खाल्ल्यावर काहींचा चेहरा लाल होतो, डोके दुखते आणि छातीत धडधडते. असे झाले तर डॉक्टरांना सांगा आणि ते मासे तेवढ्या काळापुरते टाळा.

६. कोणता त्रास साधा आणि कोणता धोक्याचा

रिफापेंटीन घेतल्यावर लघवी नारिंगी-तांबूस होते. घाम आणि अश्रूंनाही तो रंग येतो. तो औषधाचा रंग असतो आणि निघून जातो. ही गोष्ट आम्हाला बहुधा पहिल्या दिवशी सांगितली गेली असेल, पण माझ्या पतींपर्यंत ती पोहोचली नव्हती. पाच डोस होईपर्यंत ते मनात भीती धरून होते, आणि मग ‘धडधाकट माणसाला रक्त जायला लावणारे औषध’ म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. त्यातच एका खासगी दवाखान्यात ‘लक्षणे नसताना कशाला घेता’ असा सल्ला मिळाला. दोन बुधवार गेले. अखेर सिस्टरांनी त्यांना समोर बसवून अर्धा तास समजावले तेव्हा ते पुन्हा तयार झाले. तो अर्धा तास पहिल्याच आठवड्यात मिळाला असता तर बरे झाले असते.

आठवडी डोसानंतर काही तासांनी थंडी वाजणे, अंग मोडून येणे, डोके दुखणे, कणकण असे काहींना होते. माझ्या बाबतीत तिसऱ्या आणि चौथ्या डोसाला झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरले. हेही सांगायचेच, पण घाबरायचे नाही.

पुढील गोष्टी झाल्या तर मात्र पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी केंद्रात जा : अन्नावरची वासना एकाएकी उडणे, सतत मळमळ किंवा उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणे, विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा, डोळे पिवळे होणे, गडद चहासारखी लघवी, अंगावर पुरळ किंवा चेहऱ्यावर सूज, चक्कर येऊन पडणे. हातापायांच्या मुंग्या वाढत असतील तर तेही लगेच कळवा. औषध थांबवायचे की बदलायचे हे डॉक्टर ठरवतील. काविळीवर झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे जाण्यात जे दिवस जातात ते इथे फार महाग पडतात.

फोनवर काही विचारायचे असेल तर निक्षयचा टोल फ्री क्रमांक १८००-११-६६६६ दिनदर्शिकेवरच लिहून ठेवा.

७. डोस चुकला तर

लपवू नका, आणि दुप्पट घेऊन भरपाईही करू नका.

आठवडी डोस चुकला आणि दोन दिवसांच्या आत आठवला, तर लगेच घ्या आणि पुढचा नेहमीच्याच वारी घ्या. दोन दिवसांहून अधिक गेले असतील, तर आठवेल त्या दिवशी घ्या आणि तोच नवा वार धरा, म्हणजे दोन डोस एकमेकांच्या फार जवळ येणार नाहीत. १२ डोस साधारण १६ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हायला हवेत. माझ्या पतींचे दोन आठवडे बुडाले, तरी चौदाव्या आठवड्यात त्यांचे बाराही डोस झाले. अनेक डोस बुडाले असतील तर उपचार पहिल्यापासून सुरू करावा लागू शकतो, आणि ते डॉक्टरांनीच सांगायचे.

रोजच्या गोळीचा एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी एकच गोळी घ्या. राहिलेले दिवस शेवटी वाढवतात. पंधरा दिवसांहून मोठा खंड पडला तर स्वतः ठरवून सुरू करू नका.

८. लहान मूल आणि सहा महिने

मुलीची गोळी सकाळी शाळेच्या घाईत द्यायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात ते जमणार नाही हे कळले. मग संध्याकाळी, जेवणाआधी, आजीच्या मांडीवर असे ठरले. गोळी चुरून चमचाभर पाण्यात दिली. दुधाच्या पूर्ण पेल्यात कालवू नका, कारण मूल अर्धा पेला ठेवते आणि किती औषध पोटात गेले ते समजत नाही. मुलाचे वजन दर महिन्याला घ्या, कारण वजन वाढले की मात्राही पाहावी लागते. आणि खरी अडचण ही : दिरांचे औषध संपले, आमचे संपले, आणि मुलीच्या गोळ्या अजून चालूच होत्या. घरातला ‘औषधाचा काळ’ संपल्यासारखा वाटू लागतो तेव्हाच लहान मुलाचे डोस सुटतात. बाळपणी बीसीजी (क्षयाची लस) टोचली आहे म्हणून हे औषध टाळता येत नाही.

९. ताटात काय आहे तेही पाहा

झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरातल्यांना सहा महिने जादा शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. निक्षय पोषण योजनेचे दरमहाचे १,००० रुपये रुग्णासाठी असतात, संपर्कातल्यांसाठी नसतात. पण निक्षय मित्रांकडून (क्षयरुग्णांना मदत करायला पुढे आलेल्या व्यक्ती व संस्थांकडून) कुटुंबासाठी शिधा मिळू शकतो का, हे जरूर विचारा. आम्ही घरच्या घरी शेंगदाणे, डाळ आणि अंडी वाढवली.

१०. गाव सोडण्याआधी कळवा

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा शहरात कामाला जाणार असाल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी सांगा. निक्षयमधील नोंद दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येते आणि तिथे उपचार पुढे चालू राहतो. उपचार कार्ड कपड्यांच्या पेटीत टाकू नका. प्रवासात हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा, आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. आमच्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना दोन डोस बरोबर नेले आणि दोन्ही बुधवारी मी त्याला फोन केला.

११. शेवटच्या डोसानंतर

उपचार पूर्ण झाल्याची नोंद निक्षयमध्ये झाली का, हे विचारून खात्री करा. त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी लक्षणांची विचारपूस होते. मधल्या काळात दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजनातील घट दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आणि थुंकी तपासायला जाताना पूर्ण झालेले कार्ड दाखवा, म्हणजे आधी कोणती औषधे घेतली हे डॉक्टरांना कळते. आमच्या कार्डांवरच्या सहा, बारा आणि अठरा महिन्यांच्या तारखा होऊन गेल्या आहेत. शेवटची तारीख येत्या दिवाळीनंतरची आहे, मुलीची त्याहून तीन महिने पुढची, आणि दोन्ही नव्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने गोल करून झाल्या आहेत.